टेबलाला तडा गेला म्हणून देश बदलायचा?

आलेलं पत्र, थोडक्यात: एक वाचक आणि त्यांचे दीर मिळून लाकडी फर्निचर बनवतात, बराचसा माल परदेशी जातो. गेल्या थंडीत कॅनडाला पाठवलेल्या डायनिंग टेबलांपैकी काहींच्या फळ्या दोन महिन्यांत तडकल्या, गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले. सध्याचं युनिट दमट जागी आहे, तेव्हा हवाच नडतेय असं ठरवून बाईंनी दुसऱ्या युनिटसाठी चार देशांची एक्सेल शीट बनवली: यूएई, व्हिएतनाम, पोलंड, चिली. प्रत्येकापुढे सरासरी तापमान, वर्षाचा पाऊस, आणि आपत्तींचे दहापैकी मार्क. शीटमध्ये कोरडा म्हणून यूएई पहिला आला, व्हिएतनाम शेवटचा. दिरांना नेमका व्हिएतनामच हवाय, कारण कारागीर आणि कच्चा माल तिथे तयार मिळतो, आणि हवेचं म्हणाल तर "एसी लावला की झालं". आता दोघं या विषयावर बोलतच नाहीत. त्या विचारतात, धंद्याला सगळ्यात चांगलं हवामान कुठल्या देशाचं, आणि भावजींना ते पटवायचं कसं?

तुमची शीट मी दोनदा बघितली. मेहनत दिसतेय, रंगसुद्धा छान भरलेत. पण खरं सांगू का, मला शीटपेक्षा त्या टेबलात जास्त रस वाटला, कारण टेबल जे सांगतंय ते शीटमध्ये कुठेच नाहीये.

तर आधी टेबल. तुम्ही धरून चाललाय की दमट जागी बनलं म्हणून तडकलं, म्हणजे कोरड्या जागी बनवलं की प्रश्न मिटला. अर्धं बरोबर आहे हे. लाकूड आजूबाजूच्या हवेतून ओलावा घेत-सोडत राहतं, झाड कापून पन्नास वर्षं झाली तरी, तुम्हाला मी काय सांगू, दमट दिवसांत दार फुगून बसतं ते याच्यामुळेच. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा हळूहळू १६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो, ५० टक्के असेल तर ९ च्या, आणि ३० टक्के असेल तर जेमतेम ६ च्या. आता कॅनडातला जानेवारी डोळ्यापुढे आणा. बाहेर उणे वीस. इतक्या गार हवेत वाफ मुळात फारशी नसतेच, आणि तीच हवा घरात येऊन हीटरने २१ अंशांवर गेली की आर्द्रता पार २०-२५ टक्क्यांवर घसरते, कधीकधी त्याच्याही खाली. तुमची फळी १२ टक्क्यांवर निघाली होती असं धरू. तिथे ती सहा-सात टक्के ओलावा सोडणार. आणि लाकूड लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसतं. ९० सेंटिमीटर रुंदीचा टॉप असेल तर सेंटिमीटरभर तरी, लाकडाच्या जातीप्रमाणे आणि फळी कशी कापलीय त्याप्रमाणे थोडं कमीजास्त.

आणि तुम्हीच पत्रात लिहिलंय की खालची लोखंडी फ्रेम "हलू नये म्हणून" बारा स्क्रूंनी आवळून बसवली होती. झालं मग. फळीला आकसायचंय, स्क्रू सोडत नाहीत, ती मधूनच कुठेतरी फाटणार नाहीतर काय करणार.

म्हणजे टेबल तडकलं ते तुमच्या गावच्या हवेने नाही, गिऱ्हाइकाच्या हॉलमधल्या हवेने. तुमच्या शीटमध्ये चार देश आहेत, आणि जिथे नुकसान झालं तो कॅनडा त्यात नाहीच! धंद्यासाठी हवामान बघताना ही चूक भल्याभल्यांची होते, कारखाना कुठे आहे तेवढंच बघतात, माल ज्या हवेतून जाणार आणि ज्या हवेत आयुष्य काढणार ती सोडूनच देतात.

याचं उत्तर सुताराकडे आहे, त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. थंडीत हीटर लागणाऱ्या देशांत जाणाऱ्या मालाचं लाकूड भट्टीत ६ ते ८ टक्क्यांपर्यंत सुकवून घ्यायचं, आणि सुकवल्यावर उघड्यावर पडू द्यायचं नाही, नाहीतर महिन्याभरात ते परत ओलावा पिऊन बसतं (अर्धे लोक इथेच फसतात, सुकवल्याचं सर्टिफिकेट फाइलला आणि फळ्या शेडखाली). फ्रेमला गोल भोकांऐवजी लांबट खाचा, म्हणजे फळी सरकू शकेल. पॉलिश वरून लावलंत तसंच खालूनही आणि फळीच्या टोकांनाही. एक मॉइश्चर मीटर घ्या आणि प्रत्येक टॉपचा आकडा पॅकिंगच्या दिवशी लिहून ठेवा. एवढं केल्यावरही माल तडकला तर मग देशाचं बोलू.

आता तुमच्या पहिल्या नंबरवाल्या देशाकडे येते. वाळवंट म्हणजे कोरडी हवा, असं आपण सगळेच शाळेपासून धरून चालतो. पण यूएईमधले बहुतेक कारखाने आणि बंदरं समुद्राकाठी आहेत, आणि तो समुद्र उथळ आणि भयंकर तापलेला असतो. त्याच आखातावरच्या सौदी अरेबियातल्या धाहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंश नोंदला गेला होता, म्हणजे ३५ अंशांची कुठलीही भिंत किंवा काच असती तरी तिला घाम फुटला असता. जगात कुठेही नोंदलेल्या सगळ्यात दमट हवेचं उदाहरण म्हणून हाच आकडा देतात, आणि ते ठिकाण वाळवंटात! पाऊस कमी आणि हवा कोरडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या शीटने त्या एकाच कॉलममध्ये कोंबल्यात.

पावसाचंही तसंच. लंडन म्हटलं की पावसाळी, सिडनी म्हटलं की ऊन, पण सिडनीत वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पडतो आणि लंडनमध्ये त्याच्या निम्मा, ६०० च्या आसपास. लंडनचा भुरभुर येतो, सिडनीचा धो धो. गोडाऊनला भुरभुर पावसाचं काय घेणंदेणं, त्याला एका रात्रीत किती पडला याच्याशी मतलब. आणि यूएईत, जो तुमच्या शीटमध्ये कोरडा म्हणून पहिला आला, तिथे १६ एप्रिल २०२४ ला खत्म अल शकला नावाच्या ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला. १९४९ पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात जास्त. दुबईचा विमानतळ पाण्यात, रस्ते पाण्यात, कारण जिथे वर्षभरात शंभर मिलिमीटरही पडत नाही तिथे गटारं कोण एवढी मोठी बांधणार? कमी पाऊस म्हणजे कमी धोका असं सरळ नसतं. ज्या शहराला ज्या गोष्टीची सवय नाही ती गोष्ट तिथे जास्त महागात पडते. टेक्सासला फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याची थंडी पडली तेव्हा वीज गेली आणि ऑस्टिनमधले चिप बनवणारे कारखाने बंद पडले, तेवढ्या थंडीत पोलंडमध्ये लोक निमूट कामावर जातात.

अजून एक तक्रार आहे माझी शीटबद्दल, मग सोडते. देशाला एक चौकोन द्यायची पद्धत. चिली हा देश उत्तर-दक्षिण चार हजार किलोमीटरहून लांब आहे. वर टोकाला अरिकामध्ये वर्षाला सरासरी एक मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आणि खाली दक्षिणेत, जिथून लाकूड येतं, तिकडे काही ठिकाणी दोन हजारांच्या घरात. याची सरासरी काढून तुम्ही जो आकडा लिहिलाय तसं हवामान त्या देशात कुठेही नसेल. तापमानाला उंचीसुद्धा लागते: इक्वाडोरची राजधानी किटो आणि सिंगापूर दोन्ही विषुववृत्ताला चिकटून, पण किटो २८५० मीटरवर आहे म्हणून तिथे वर्षाची सरासरी १५ अंशांच्या आत आणि सिंगापुरात २७-२८. शिवाय समुद्राचे प्रवाह आणि वाऱ्याची दिशा आहेच. लंडन आणि कॅनडातलं कॅल्गरी एकाच अक्षांशावर आहेत म्हणाल तर हो, आहेत, पण जानेवारीत कॅल्गरीची सरासरी शून्याच्या खाली आणि लंडनची पाच-सहा अंश.

आता भावजी.

त्यांचं "एसी लावला की झालं" तुम्हाला उडवाउडवीचं वाटतंय, पण मला त्यात थोडा दम दिसतो. तुम्ही विचारलंत की धंद्याला सगळ्यात चांगलं हवामान कोणतं, तर या प्रश्नाचं उत्तर काढायचा प्रयत्न झालेला आहे. २०१५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात अमेरिकेतल्या तीन संशोधकांचा एक पेपर आला, १६६ देशांचा पन्नास वर्षांचा डेटा, आणि त्यात निघालं की वर्षाचं सरासरी तापमान १३ अंशांच्या आसपास असताना अर्थव्यवस्था सगळ्यात जोमाने चालते. वाचून लगेच नकाशा काढून तेरा अंशवाला देश शोधावासा वाटतो. पण मग सिंगापूरचं काय करायचं? बारा महिने उकाडा, दोन मीटरच्या वर पाऊस, आणि तरी जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत. तिथले पहिले पंतप्रधान ली कुआन यू स्वतःच सांगायचे की एअर कंडिशनर नसता तर हे जमलं नसतं. आणि फर्निचरचंच बोलायचं तर जगातल्या सगळ्यात मोठ्या निर्यातदारांमध्ये व्हिएतनामही आहे आणि पोलंडही आहे. एक उष्ण आणि दमट, दुसरा थंड. हवेने निकाल लागत असता तर या दोघांपैकी एकजण तरी या यादीत नसता.

पण भावजींचं वाक्य अर्धवट आहे. एसी लावला, ठीक, वीज आहे का? २०२३ च्या मे-जूनमध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये उष्णतेची लाट आली आणि नेमकी तेव्हाच जलविद्युतवाली धरणं आटलेली, म्हणजे विजेची मागणी टोकाला आणि पुरवठा तळाला. औद्योगिक वसाहतींमध्ये आलटूनपालटून वीज बंद ठेवावी लागली, जागतिक बँकेने नुकसान धरलं १.४ अब्ज डॉलर. एसी हा हवामानावरचा उतारा असतो खरा, पण त्याची वीजही शेवटी हवामानातूनच येते, हे भावजींना विचारा, चिडून नाही, खरंच विचारा म्हणून. आणि तुमच्या धंद्यात एसी थंडाव्यासाठी नकोच आहे, आर्द्रता ताब्यात ठेवायला हवाय, तेही सगळ्या शेडमध्ये नाही. लाकूड साठवायची खोली आणि स्प्रे मारायची खोली. दमट हवेत लॅकर मारलं की वर पांढरट धुकं धरतं ते तुम्ही बघितलं असेलच, दिवसभराचं काम घासून परत करावं लागतं. त्या दोन खोल्यांचा खर्च काढा, तोच भावजींच्या "झालं"चा खरा आकडा.

शिवाय व्हिएतनाम म्हणजे कुठलं व्हिएतनाम? उत्तरेत हनोईला बऱ्यापैकी हिवाळा असतो आणि तो संपताना इतकी दमट हवा येते की फरशी ओली होते. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळ आलं ते उत्तरेत हायफाँगच्या बाजूला, तिथल्या कारखान्यांची छपरं उडाली. मधल्या किनाऱ्याला पावसाळा आणि वादळं वर्षाच्या शेवटी शेवटी. दक्षिणेत हो ची मिन्ह सिटीच्या आसपास, जिथे फर्निचरचे कारखाने एकवटलेत, तिथे वादळ क्वचित, आणि डिसेंबर ते एप्रिल चक्क कोरडा मोसम. तुमच्या शीटमधला शेवटचा नंबर या तिघांपैकी कोणाचा?

एक राहिलं, वाटेचं. मी बरीच वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं काम केलंय, त्यातला एक कंटेनर अजून आठवतो. चामड्याच्या बॅगा होत्या, बंदरात दार उघडलं तर आतून तळघरासारखा वास, आणि वरच्या सगळ्या खोक्यांवर छतातून पाणी ठिबकल्याचे गोल गोल डाग. बाहेरून एक थेंब आत गेला नव्हता. डेकवर दिवसा कंटेनर तापतो, पॅलेटच्या ओल्या लाकडातून आणि पुठ्ठ्यातून वाफ निघते, रात्री पत्रा गार पडला की ती छताला धरते आणि मालावर पडते. शिपिंगवाले याला कंटेनर रेन म्हणतात. तुमचं टेबल उत्तम सुकवलेलं असेल आणि खालची पॅलेट ओली असेल तर महिनाभराच्या प्रवासात काय होईल ते बघा. (पॅलेटवर जो हीट ट्रीटमेंटचा शिक्का असतो तो किडीसाठी, ५६ अंशांवर ३० मिनिटं, त्याचा अर्थ लाकूड सुकलंय असा होत नाही.)

मार्गाचीही तब्येत असते. २०२३ मध्ये दुष्काळाने गाटून तलाव खाली गेला, आणि पनामा कालवा त्याच गोड्या पाण्यावर चालतो, तर रोजची ३६-३७ जहाजं २०२४ च्या सुरुवातीला २४ च्या आसपास आणली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये जर्मनीत ऱ्हाईन नदी काऊब गावच्या पाणी मोजायच्या पट्टीवर २५ सेंटिमीटरला आली, बार्ज म्हणजे मालवाहू बोटी रिकाम्यासारख्या चालवाव्या लागल्या. तुमचा कारखाना अगदी आदर्श हवेत असला तरी माल दुसऱ्याच्या दुष्काळात अडकतो. आणि पुरवठादारही. थायलंडमध्ये २०११ च्या पुरात अयुथया भागातल्या औद्योगिक वसाहती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होत्या, होंडाने तिथल्या १०५५ गाड्या भंगारात काढल्या, आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या कारण पुष्कळशा तिथेच बनायच्या. कंपन्या वेगवेगळ्या होत्या, पूरपट्टा एकच होता. दोन युनिटं काढलीत आणि दोन्हींचे बिजागऱ्या-स्क्रू एकाच गावातून येत असतील तर ते दोन युनिट धरू नका.

मग करायचं काय? तुमच्या जागी मी असते तर या वर्षी कुठेच गेले नसते. आधी भट्टी, खाचा, मीटर, आणि कॅनडाला एक छोटा लॉट. त्या लॉटमध्ये दोन-तीन खोक्यांत डेटा लॉगर टाका, काडेपेटीएवढा असतो, तापमान आणि आर्द्रता तारीखवार लिहून ठेवतो, गिऱ्हाइकाला विनंती करून एक टेबलाखालीच महिनाभर चिकटवून ठेवा. चार देशांच्या सरासऱ्यांपेक्षा त्या काडेपेटीतून तुम्हाला जास्त कळेल.

दुसरं युनिट काढायचंच असेल, आणि त्याला कारागीर, कर, बंदर अशी दुसरी कारणं असतील (भावजींची कारणं मला बरी वाटतायत, हे तुम्हाला आवडणार नाही), तर शीट परत करा पण उलटी. देश नाही, गाव लिहा. वर्ष नाही, महिने. कॉलम असा ठेवा की या महिन्यात काम किती दिवस बंद पडू शकतं, कशाने, आणि ते पैसे कोणाचे जातात. उष्णतेने काम बंद राहणं हे हल्ली कायद्यातही आलंय, यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे, तुमचं काम छपराखाली असलं तरी कंटेनर भरणारी माणसं यार्डात उभी असतात, तेव्हा ट्रकच्या वेळा त्याप्रमाणे लावाव्या लागतील. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला होता की २०३० पर्यंत जगातले २.२ टक्के कामाचे तास उष्णतेनेच जातील, तर हा कॉलम कुठल्याच देशात रिकामा राहणार नाही. महिनावार आकडे जागतिक बँकेच्या क्लायमेट चेंज नॉलेज पोर्टलवर फुकट मिळतात. मात्र ते सरासरीचेच, म्हणून जोडीला मागच्या वीस वर्षांतले सगळ्यात वाईट तीन प्रसंग त्या गावाच्या बातम्यांमधून शोधून लिहा. पोलंड सुरक्षित म्हणून तुम्ही नऊ मार्क दिलेत ना, सप्टेंबर २०२४ मध्ये नैऋत्य पोलंडमध्ये गावंच्या गावं पाण्यात होती, पण उत्तरेला बंदराजवळ युनिट काढणाऱ्याला त्याचं काहीच नव्हतं.

आणि जागा पक्की करायच्या आधी विमावाल्याकडून त्या पत्त्याचं कोटेशन मागवा. विमा काढा न काढा. त्यांनी प्रीमियम चढवला किंवा पुराचा भाग वगळला तर समजायचं की त्यांच्याकडे असं काहीतरी आहे जे घरमालकाने तुम्हाला सांगितलेलं नाही. शेजारच्या गोडाऊनच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसतेय का तेही बघा, शेजारचा वॉचमन दलालापेक्षा खरं बोलतो.

भावजींना पटवायचं कसं, हे मी मुद्दाम टाळत होते. पटवायचं काय आहे पण? त्यांना तुमची शीट खोटी वाटतेय आणि तुम्हाला त्यांचा एसी, आणि दोघांनाही वाटतंय की तडकलेल्या टेबलांचं खापर आपल्यावर फुटणार. पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात की फ्रेमचं डिझाइन भावजींचं आणि लाकडाची खरेदी तुमची. मला वाटतं भांडण तिथे आहे. हवेला दोष दिला की दोघंही सुटता, म्हणून तर देश बदलायचा विषय निघाला नसेल ना? एकदा दोघं त्या परत आलेल्या टेबलाजवळ बसा, उलटं करा, स्क्रू काढा आणि फळीची रुंदी मोजा. पाठवताना किती होती ते ऑर्डरच्या ड्रॉइंगवर असेलच. सेंटिमीटरभर कमी भरली तर त्यात खरेदी आणि डिझाइन दोन्ही आले, निम्मं निम्मं.

हो, आणि त्या कॅनडावाल्या गिऱ्हाइकाला एक मेल टाका, टेबल हीटरपासून किती लांब ठेवलं होतं म्हणून.